समुद्रांतील सूक्ष्म भारवाहक

कोंकणांतील व मुंबईतील मासे खाणाऱ्या कुटुंबांत सुका जवळा ठाऊक नाहीं असें घर विरळा. दिसण्यांत क्षुद्र, पण वासानें व चवीनें उग्र असा हा प्राणी म्हणजे कोळंबीचाच एक लहान भाईबंद होय. तो थव्यांनीं राहतो आणि भरतीओहोटीच्या ओढीबरोबर इकडून तिकडे जातो; प्रवाहाला तोंड देऊन आपल्या मर्जीनें दूरवर जाण्याचें बळ त्याच्या अंगीं नसतें. म्हणूनच कोळी लोक ओढीच्या पाण्यांत डोल जाळें रोवून ठेवतात आणि जवळा आपोआप त्यांत येऊन भरतो. अशा प्रकारें वाहत्या पाण्याच्या स्वाधीन होऊन जगणाऱ्या जीवांची एक अफाट सृष्टि समुद्रांत आहे. तिच्यांत जवळा हा जवळजवळ राक्षसच म्हणावा लागेल, कारण बाकीचे बहुसंख्य जीव मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. या लहानग्यांच्या खाण्यापिण्यावर व जाण्यायेण्यावर पृथ्वीच्या हवेंतील उष्णता कांहीं अंशीं अवलंबून आहे, असें पूर्वीं कोणास सांगितलें असतें तर तें थट्टेवारीच नेलें गेलें असतें. आज मात्र तो शास्त्रीय संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय होऊन बसला आहे.

या सृष्टीला प्लँक्टन हें नांव १८८७ सालीं व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञानें दिलें. ‘भटकणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलेलें आहे. मराठींत त्यास प्लवक म्हणतात. प्लवकांचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिला वनस्पतिप्लवकांचा. हे बहुतेक एकपेशीय असून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें पाण्यांत विरघळलेल्या कर्बद्विप्राणिद वायूपासून आपलें अन्न तयार करितात. पृथ्वीवर दरसाल वनस्पति जेवढा कर्ब अन्नरूपानें बांधतात, त्यांतील सुमारें निम्मा या डोळ्यांस न दिसणाऱ्या समुद्री वनस्पति बांधतात. दुसरा वर्ग प्राणिप्लवकांचा. हे त्या वनस्पति खातात, किंवा एकमेकांस खातात. त्यांत कोपेपॉड नांवाचे कवचधारी कीटकवजा प्राणी संख्येनें अतिशय आहेत. शिवाय दक्षिण ध्रुवाकडील क्रिल, पारदर्शक पिंपासारखे साल्प, बाणकृमि, आणि मासे, खेकडे, शिंपले यांचीं नुकतीं जन्मलेलीं पिल्लें, असे नाना प्रकार त्यांत येतात.

आतां या प्राण्यांचा हवेशीं संबंध कसा येतो तें पाहूं. यंत्रयुगाच्या आरंभापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बद्विप्राणिद वायूचे सुमारें २८० भाग होते. २०२४ सालीं तें प्रमाण ४२० च्या वर गेलें. कोळसा व तेल जाळून आणि जंगलें तोडून मनुष्य जो वायु हवेंत सोडतो, त्यांतील सुमारें चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. समुद्राच्या पोटांत हवेंतील कर्बाच्या जवळजवळ पन्नासपट कर्ब सांठलेला आहे. हा सांठा बहुतांशीं खोल व थंड पाण्यांत असतो, आणि तो तेथें नेऊन टाकण्याच्या कामांत सजीवांचा मोठा वांटा आहे. समुद्रांतील जीवसृष्टि एकाएकीं नाहींशी झाली, तर हवेंतील कर्बद्विप्राणिद आजच्यापेक्षां दहा लक्ष भागांत दीडशें ते दोनशें भागांनीं वाढेल, असा गणितज्ञांचा अंदाज आहे.

पेढीवर पैसे ठेवणाऱ्यास चालू खातें व मुदतीची ठेव यांतील भेद माहीत असतो. समुद्रांतील कर्बाचेंही तसेंच आहे. पृष्ठभागानजीकच्या पाण्यांत जो कर्ब राहतो तो चालू खात्यांतला. हिवाळ्यांत पाणी ढवळलें कीं तो पुन्हां हवेंत परत जातो. परंतु हजार मीटर खोलीवर पोंचलेलें पाणी पुन्हां सूर्यप्रकाशांत येण्यास कित्येक शतकें लागतात. म्हणून कर्ब किती गोळा झाला यापेक्षां तो किती खोल गेला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि येथेंच प्राणिप्लवकांचें काम सुरू होतें.

एकटी वनस्पतिपेशी पाण्यांत फार सावकाश बुडते. दिवसाकाठीं एखादा मीटर, किंवा तितकाही नाहीं. या वेगानें चार हजार मीटरांचा तळ गांठावयास तिला अकरा वर्षें लागतील, आणि तत्पूर्वींच जंतु तिचा फडशा पाडतील. परंतु कोपेपॉडानें अशा शेंकडों पेशी गिळल्या म्हणजे त्यांचा चोथा एका पातळ आवरणांत घट्ट बांधला जाऊन विष्ठेच्या गोळीच्या रूपानें बाहेर पडतो. ही गोळी जड असते. ती दिवसाला शंभर दोनशें मीटर सहज उतरते; क्रिल व साल्प यांच्या गोळ्या तर याहूनही कितीतरी जलद जातात. शंभर मीटरांच्या हिशोबानें चार हजार मीटरांचा प्रवास चाळीस दिवसांत संपतो. अकरा वर्षें व चाळीस दिवस, या दोन आंकड्यांच्या अंतरांत प्राणिप्लवकांची सारी कामगिरी सांठविलेली आहे. जी वस्तु उच्चारण्यासही सभ्य मनुष्य संकोच करितो, तीच समुद्रांत कर्ब पोंचविणारें पार्सल होते.

मात्र या चित्राची दुसरीही बाजू आहे. प्राणी खातो, तसाच तो श्वासोच्छ्‌वासही करितो. त्यानें खाल्लेल्या कर्बाचा मोठा भाग श्वासावाटे वायुरूपानें पुन्हां पाण्यांत मिसळतो. शिवाय वरून पडणाऱ्या गोळ्या खालच्या थरांतले प्राणी पुन्हां खातात, कुरतडतात, मोडून टाकतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं पॅसिफिक महासागरांतील मापनांवरून दाखविलें कीं, जसजसें खोल जावें तसतसा हा कर्बाचा वर्षाव झपाट्यानें ओसरत जातो. हें ओसरणें सर्वत्र सारखें नसतें, हें पुढें सिद्ध झालें. २००४ व २००५ सालीं दोन ठिकाणीं मोजणी झाली. हवाई बेटांनजीकच्या उबदार, निरन्न पाण्यांत दीडशें मीटरांवरून निघालेल्या कर्बापैकीं पांचशें मीटरांवर शेंकडा वीसच भाग पोंचला. वायव्य पॅसिफिकच्या थंड व समृद्ध पाण्यांत शेंकडा पन्नास भाग पोंचला. दोन्ही ठिकाणचे प्राणी, त्यांचें अन्न आणि त्यांच्या गोळ्या भिन्न होत्या. तात्पर्य, कोणता जीव कोठें राहतो व काय खातो यावर ठेव किती मुदतीची होणार हें ठरतें.

बुडणाऱ्या कणांखेरीज आणखी एक वाहतूक समुद्रांत चालते, आणि तिचा शोध युद्धाच्या धामधुमींत लागला. १९४२ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकन आरमाराच्या शास्त्रज्ञांनीं ध्वनीच्या लहरी पाण्यांत सोडून त्यांच्या प्रतिध्वनींचा अभ्यास चालविला होता. हेतु पाणबुड्या शोधण्याचा. तळ हजारों मीटर खोल असतांना चारपांचशें मीटरांच्या आसपासच एक अस्पष्ट तळ असल्यासारखा प्रतिध्वनि येऊं लागला. चमत्कार असा कीं, संध्याकाळ झाली कीं हा तळ वर सरके आणि पहांटे पुन्हां खालीं जाई. स्क्रिप्स संस्थेंतील प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनीं १९४५ सालीं या कोड्याचा उलगडा केला. तो तळ नव्हता. रात्रीं चरावयास वर येणाऱ्या व दिवसां अंधारांत लपणाऱ्या असंख्य प्राण्यांचा तो थर होता.

या येरझाऱ्याचें कारण मुख्यतः भय होय. वनस्पति प्रकाशांत वाढतात, म्हणून अन्न पृष्ठभागाजवळच असतें. पण उजेडांत मासे डोळ्यांनीं शिकार करितात. तेव्हां काळोख पडल्यावर वर यावें, पोटभर खावें आणि झुंजुमुंजू होण्याच्या आंत खालीं निघून जावें, हा सोपा मार्ग. परंतु तो सोपा दिसतो तितका नाहीं. तीन मिलिमीटर लांबीचा कोपेपॉड चारशें मीटर चढतो, तेव्हां तो आपल्या लांबीच्या सव्वा लक्षाहून अधिक पट अंतर तोडतो. मनुष्याच्या उंचीच्या मानानें हें अंतर सुमारें २२० किलोमीटर भरतें. म्हणजे मुंबईहून पुण्यास जाऊन परत खंडाळ्यापर्यंत यावयाचें, तेंही रोज रात्रीं एकदां आणि रोज पहांटे एकदां. उत्तर ध्रुवाकडे हिवाळ्यांत सूर्य उगवतच नाहीं, तेथेंही हा क्रम बंद पडत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें कीं, त्या दीर्घ रात्रींत हे जीव चंद्राच्या उदयास्ताप्रमाणें वरखालीं करितात, आणि पौर्णिमेच्या सुमारास चांदणें चुकविण्यासाठीं खोल उतरतात. २०१९ सालीं तर कृत्रिम उपग्रहावरून सोडलेल्या लेसर किरणांच्या दहा वर्षांच्या नोंदींवरून साऱ्या महासागरांतील ही हालचाल टिपण्यांत आली. वजनाच्या दृष्टीनें पाहतां पृथ्वीच्या पाठीवरील प्राण्यांचें याहून मोठें स्थलांतर दुसरें नाहीं.

कर्बाच्या हिशोबांत या स्थलांतराचा अर्थ असा. प्राणी रात्रीं वर खातो आणि दिवसां खालीं श्वास सोडतो, मूत्रविसर्जन करितो, विष्ठा टाकतो, आणि कित्येकदां खालींच दुसऱ्याच्या तोंडीं पडतो. म्हणजे त्यानें वरच्या थरांतील कर्ब आपल्या पोटांत घालून स्वतः खालीं वाहून नेला. बुडणाऱ्या गोळीप्रमाणें वाटेंत कोणी तो लुटीत नाहीं. ही भारवाहकी कांहीं ठिकाणीं बुडणाऱ्या कणांच्या शेंकडा पांचदहा एवढीच, तर कांहीं ठिकाणीं त्याहून पुष्कळ अधिक आढळली आहे.

उत्तर अटलांटिकमध्यें राहणारा कॅलेनस फिनमार्किकस नांवाचा कोपेपॉड याच्याही पुढें जातो. उन्हाळ्यांत चरून तो अंगांत तेलाची एक पिशवी भरून घेतो. ती त्याच्या शरीराचा मोठा भाग व्यापते. मग तो सहाशें ते चौदाशें मीटर खोल पाण्यांत जाऊन कित्येक महिने जवळजवळ निद्रावस्थेंत काढतो. या काळांत तो कांहीं खात नाहीं. पिशवींतील तेलच हळूहळू जाळतो. तें तेल म्हणजे कर्ब, आणि तो जळतो खोल पाण्यांत. सिग्रुन योनासदोत्तिर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं हिशोब मांडून दाखविलें कीं, त्या समुद्रांत या एका जातीनें खालीं नेलेला कर्ब कणरूपानें बुडणाऱ्या कर्बाच्या बरोबरीस येतो. तेलांत नत्र व स्फुरद हीं वनस्पतींचीं खतें जवळजवळ नसतात. त्यामुळें कर्ब खालीं गेला तरी खत वरच राहतें आणि पुढील पिकास उपयोगीं पडतें. विशेष हें कीं, हा नफा तोंपर्यंतच्या हिशोबांत कोठेंच धरलेला नव्हता.

आतां आपल्या घरच्या समुद्राकडे वळूं. हिंदी महासागराची पद्धतशीर पाहणी १९५९ ते १९६५ या काळांतील आंतरराष्ट्रीय मोहिमेनें केली. अनेक राष्ट्रांच्या सुमारें चाळीस जहाजांनीं तींत भाग घेतला. सर्वांनीं एकाच नमुन्याचें जाळें वापरावें व दोनशें मीटरांवरून पृष्ठभागापर्यंत तें उभें ओढावें असें ठरलें होतें. कारण प्रत्येकाचें माप निराळें असल्यास बेरीज करणें व्यर्थ. प्राणिप्लवकांचे नमुने वेगळे करण्याचें कष्टाचें काम कोचीन येथील केंद्रांत झालें. या मोहिमेचें फळ म्हणून १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. संस्थेचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावला येथें आहे.

या संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जर्मनीच्या हांबुर्ग येथील सहकाऱ्यांसमवेत १९८६ पासून अरबी समुद्रांत खोलवर कणांचे सापळे टांगले. पर्जन्यमापक जसा आकाशांतून पडणारें पाणी धरतो, तसा हा नरसाळ्याच्या आकाराचा सापळा वरून पडणारे कण धरतो, आणि ठराविक दिवसांनीं त्याखालची बाटली आपोआप बदलते. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मराठी माणसास विशेष वाटावा असा आहे. खोल समुद्रांत पडणारा कणांचा वर्षाव वर्षभर सारखा नव्हता. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तो मुख्यतः वाढे, आणि हिवाळ्यांतील ईशान्य वाऱ्यांच्या वेळीं पुन्हां थोडा वाढे. जो वारा सह्याद्रीवर पाऊस आणून शेतें पिकवितो, तोच ओमान व सोमालीलंड यांच्या किनाऱ्यालगतचें खोल, खतयुक्त पाणी वर आणून समुद्रांत वनस्पतींचें पीक उभें करितो. आणि त्या पिकाचा चोथा थोड्याच आठवड्यांत हजारों मीटर खालीं जाऊन पडतो.

अरबी समुद्राच्या मध्य व पूर्व भागांत भारतीय शास्त्रज्ञांस आणखी एक कोडें आढळलें. वनस्पतींचें प्रमाण ऋतुमानाप्रमाणें कमीजास्त होत असतांही वरच्या थरांतील प्राणिप्लवकांचें वजन वर्षभर फारसें बदलत नाहीं. मग दुष्काळांत हे प्राणी खातात काय? एम. मधुप्रताप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं या प्रश्नाचा ऊहापोह केला. पाण्यांत विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जंतु वाढतात, जंतूंस सूक्ष्म एकपेशीय प्राणी खातात आणि त्यांवर कोपेपॉड गुजराण करितात, असें त्यांनीं सुचविलें. दुभत्याच्या दिवसांत सांठविलेलें तूप भाकड दिवसांत पुरवावें, तसाच हा प्रकार.

या समुद्राचें दुसरें वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या पोटांतील गुदमरलेला थर. सुमारें दीडशें मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत तेथें प्राणवायु जवळजवळ नाहींच. बहुतेक प्राणी त्याच्या वरच अडकून राहतात. परंतु प्लूरोमाम्मा इंडिकासारखे कांहीं कोपेपॉड व कांहीं लहान मासे दिवसां त्या थरांत उतरतात, आपले जीवनव्यापार मंद करून वेळ काढतात आणि रात्रीं वर येऊन मोकळा श्वास घेतात. शत्रूपासून लपण्यास ही जागा उत्तम. पण श्वास मंदावल्यामुळें खालीं सोडलेला कर्बही कमी होतो. हा थर विस्तारला तर भारवाहकांची वाटच बदलेल. उत्तर अरबी समुद्रांत या शतकाच्या आरंभापासून हिवाळ्यांत नॉक्टिल्युका नांवाच्या जीवाचे हिरवे तवंग मोठ्या प्रमाणावर दिसूं लागले आहेत. कोंकण किनाऱ्यावर रात्रीं क्वचित् लाटा निळसर चमकतात, तो बहुधा याच जातीचा प्रताप. त्याची पेशी कोपेपॉडास गिळण्यास मोठी पडते. साल्प व जेलीमासे मात्र ती खातात. कमी प्राणवायूचें पाणी वर सरकल्यामुळें हा बदल झाला असें एक मत आहे. त्यावर वाद चालू आहे. पण अन्नसांखळीचा पहिलाच दुवा बदलला म्हणजे शेवटचा दुवा, म्हणजे मासळी, तसाच राहील असें मानणें धाडसाचें होईल.

असे बदल ओळखावयाचे तर दीर्घ काळाची नोंद हवी. ती नोंद कशी ठेवावी याचा धडा सर ॲलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञानें घालून दिला. दक्षिण महासागराच्या १९२५ ते १९२७ च्या सफरींत त्यानें एक यंत्र वापरून पाहिलें. त्यांत रेशमाची लांब पट्टी हळूहळू उलगडत जाते, आंत शिरणाऱ्या पाण्यांतील प्लवक तिच्यावर अडकतात, आणि दुसरी पट्टी त्यांवर बसून सर्व गुंडाळी औषधांत जपली जाते. १९३१ पासून हीं यंत्रें उत्तर समुद्रांत माल व उतारू नेणाऱ्या साध्या जहाजांच्या मागें बांधून ओढण्यांत आलीं. ही मोजणी अद्याप चालू आहे. कोठें, कोणत्या महिन्यांत, कोणता जीव किती, एवढीच रुक्ष नोंद. परंतु २००२ सालीं तीच नोंद बोलकी झाली. ग्रेगरी बोग्राँ व सहकाऱ्यांनीं तींतून दाखविलें कीं, ईशान्य अटलांटिकमधील उबदार पाण्याचे कोपेपॉड सुमारें चाळीस वर्षांत दहा अक्षांश उत्तरेस सरकले आणि थंड पाण्याचे मागें हटले. उत्तर समुद्रांत तेलाची पिशवी बाळगणाऱ्या कॅलेनस फिनमार्किकसची जागा पुष्कळ ठिकाणीं त्याच्याच दक्षिणेकडील भाईबंदानें घेतली. दोघे इतके सारखे दिसतात कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं पांचव्या पायाची ठेवण पाहून ते वेगळे करावे लागतात. पण त्यांचे हंगाम निराळे. ज्या वसंतांत कॉड माशाचीं पिल्लें अन्न शोधीत असतात, त्या वेळीं नवा पाहुणा पुरेसा नसतो. आणि कॉड तेथील कोळ्यांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें धन आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. समुद्र मनुष्याचा धूर पोटांत घेतो खरा, पण त्या ठेवीची मुदत ठरविणारे कारकून हे क्षुद्र जीव आहेत, आणि पाणी तापत चाललें तसे त्यांच्या जाती, त्यांचे आकार, त्यांच्या वेळा व त्यांच्या वाटा बदलत आहेत. हा बदल ठेव वाढविणारा होईल कीं घटविणारा, हें प्रत्येक समुद्रापुरतें निराळें मोजावें लागेल. एका समुद्राचा आंकडा दुसऱ्यास लावतां येत नाहीं, हें हवाई व वायव्य पॅसिफिकच्या उदाहरणावरून दिसलेंच आहे. कर्ब खालीं ढकलण्याचे कृत्रिम उपाय सुचविणाऱ्यांनींही प्रथम या जुन्या भारवाहकांचा हिशोब पुरा करावयास पाहिजे. हवेंत किती धूर सोडावयाचा हें मात्र मनुष्याच्या हातीं आहे. समुद्रांत ज्यांचा निवाडा व्हावयाचा ते तर आज संध्याकाळींही, दिवेलागणीच्या सुमारास, अरबी समुद्राच्या काळोखांतून नेहमींप्रमाणें वर येऊं लागतील.